बंदुकीच्या दारूचं पितळी माप

यवतमाळ जिल्ह्यात ठासणीच्या बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी, उमरखेडचा बंदी भाग, कुठेही जा, शेताच्या धुऱ्याला लागून जंगल असतं. कपाशी आणि तुरीच्या वावरात रात्रीची जागल ठरलेली. रानडुकरांचा कळप एकदा शिरला की सकाळी मोजायला नुकसानच उरतं. म्हणून काही घरांत आजोबा-पणजोबांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना असे आणि भिंतीला भरमार टांगलेली असे. तिच्या शेजारच्या खुंटीला दारूचं शिंग, आणि शिंगाला दोरीने बांधलेलं बोटभर लांबीचं पितळी नळकांडं.

हे नळकांडं पाहिलं की तीन प्रश्न हमखास येतात. दारू मोजायचीच तर सराफाचा काटा का नाही? शिंगातून थेट नळीत ओतली तर काय बिघडतं? आणि हे पितळेचंच का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरं मात्र एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून क्रमाने जाऊ.

१. बार भरतात म्हणजे काय करतात

काडतुसाच्या बंदुकीत दारू, छर्रे आणि पेटवणारी टोपी हे सगळं एका कवचात बंद होऊन कारखान्यातून येतं. मोजमाप कारखान्यात झालेलं असतं. ठासणीच्या बंदुकीला ही सोय नाही. तिच्या नळीचं मागचं टोक बंद असतं, त्यामुळे जे घालायचं ते तोंडाकडूनच. आधी काळी दारू, वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा. हे सगळं लांब गजाने खाली ठासायचं.

नळीच्या बंद टोकाजवळ एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. जुन्या तोड्याच्या बंदुकीत कानाजवळच्या वाटीत रंजक, म्हणजे अगदी बारीक दारू, घालत आणि चाप ओढला की पेटता तोडा तिच्यावर टेकत असे. पुढे चकमकीची बंदूक आली, मग टोपीची. पेटवण्याची रीत बदलत गेली, पण आतला बार हाताने भरणं तसंच राहिलं.

म्हणजे प्रत्येक बाराला भरणारा माणूसच मोजणारा. कालचा बार आणि आजचा बार सारखा हवा असेल, तर मोजण्याची रीतही सारखी हवी. दारू कमी पडली तर बार फुसका जातो आणि छर्रे धुऱ्यापर्यंतही पोचत नाहीत. जास्त झाली तर आधी खांद्याला दणका बसतो, आणि नळी जुनी, गंजलेली असेल तर ती फाटते.

२. तोळा, मासा आणि शीग

सराफाचा काटा अचूक असतो, पण त्याला सपाट जागा, उजेड आणि निवांतपणा लागतो. मचाणावर यातलं काहीच नसतं. शिवाय वाऱ्याच्या झुळकीने काटा हलतो. माप मात्र अंधारातही बोटाने चाचपून भरता येतं.

आपल्याकडे हे नवं नाही. ज्वारी कोणी तोलून देत नसे. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली अशी उतरंड होती. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. धान्य आकारमानाने मोजायचं आणि वजन त्याच्या मागोमाग येईल असं धरायचं. दारूचं माप हे याच घराण्यातलं, फक्त फार लहान. ज्या माणसाने खळ्यावर पायली हाताळली त्याला बंदुकीचं माप शिकवावं लागत नसे.

वजनाशी मेळ घालायला जुनं कोष्टक घेऊ. एका तोळ्याचे १२ मासे, एका माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. इंग्रजी अमलात १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. दाणेदार काळी दारू सैल भरली तर एक घन सेंटिमीटर दारूचं वजन एका ग्रॅमच्या आसपास भरतं, दाण्याच्या जाडीप्रमाणे थोडं कमी-जास्त. तेव्हा पाव तोळा, म्हणजे ३ मासे किंवा ४५ ग्रेन, याला जवळपास ३ घन सेंटिमीटरचं माप लागेल. (हा आकडा हिशेबासाठी घेतला आहे. कोणत्या बंदुकीत किती भरावं याच्याशी त्याचा संबंध नाही, ते त्या नळीच्या जाडीवर आणि तब्येतीवर ठरतं.)

आता गंमत बघा. ३ घन सेंटिमीटरचं माप दोन तऱ्हांनी करता येईल. एक उभट, आतून १२ मिलिमीटर व्यासाचं. त्याचं आतलं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर, म्हणून खोली साडेसव्वीस मिलिमीटर लागेल. दुसरं पसरट, आतून २० मिलिमीटर व्यासाचं. क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून खोली फक्त साडेनऊ मिलिमीटर. दोन्हींत मावणार सारखंच.

पण भरताना एक मिलिमीटर कमी राहिलं तर? उभट मापात ०.११ घन सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे पावणेचार टक्के. पसरट मापात तीच चूक ०.३१ घन सेंटिमीटर होते, साडेदहा टक्के.

शिगेचा हिशेब याहून बोलका आहे. दाणेदार वस्तू तोंडावर शीग करून भरली तर शंकूसारखा ढीग होतो. त्याचा उतार ३५ अंशांचा धरला तर उभट मापावर शिगेत ०.१६ घन सेंटिमीटर जादा बसतं, म्हणजे पाच टक्के. पसरट मापावर ०.७३, म्हणजे जवळपास पाव भाग! एकाने शीग लावून भरलं आणि दुसऱ्याने बोटाने सपाट केलं, तर एकाच मापातून दोन वेगळे बार निघतील. म्हणून दारूचं माप नेहमी अरुंद आणि उंच असतं, आणि ते नेहमी छाटून, सपाट भरायचं असतं. ‘मापात पाप’ ही म्हण व्यापाऱ्यासाठी असली, तरी इथे पाप नकळतही होतं.

भरण्याच्या सवयीचंही असंच. माप दोनदा टिचकी मारून भरलं तर दाणे खाली बसतात आणि जास्त मावतात. टिचकी मारावी की नाही याला फारसं महत्त्व नाही. दर वेळी तेच करावं, इतकंच. मापाकडून अपेक्षा असते ती सारखेपणाची. त्यावर ‘तीन मासे’ कोरलेलं असलं आणि प्रत्यक्षात सव्वातीन भरत असले, तरी ज्याला आपली बंदूक आणि आपलं माप यांची जोडी ठाऊक आहे त्याचं काही अडत नाही. गोंधळ होतो तो एकाचं माप दुसऱ्याच्या बंदुकीला लावलं की.

३. शिंगातून थेट का नको

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि जुन्या बंदुकांबद्दल कौतुकाने बोलणारे नेमका तोच विसरतात.

काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची बनते. ती जळते तेव्हा सगळीच्या सगळी वायू होत नाही. निम्म्याहून जास्त वजन घन स्वरूपात उरतं. त्यातला काही भाग पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो आणि बराचसा नळीत चिकटतो. बोळ्याची चिंधी किंवा कागदाचा तुकडाही नळीच्या तळाशी धुमसत राहू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. अशा नळीत लगेच दुसरा बार भरायला घेतला आणि आत निखारा असला, तर ओतता ओतताच दारू पेट घेते.

समजा त्या वेळी हातात मापभर दारू आहे. भडका उडेल, हात भाजेल, भुवया जातील. वाईटच, पण माणूस बहुधा वाचेल. आता समजा शिंगच नळीला लावलं आहे. ज्वाळा वर चढून शिंगात शिरेल आणि शिंगात बंद असलेली पावशेर-अर्धा शेर दारू हातातच फुटेल. माप मध्ये आणलं की साठा आणि नळी यांची ताटातूट होते. रीत अशी की शिंगातून मापात ओतायचं, शिंगाला बूच लावायचं, ते बाजूला करायचं आणि मगच माप नळीत रिकामं करायचं. बूच लावण्याची पायरी घाईत गळते, आणि ती गळली की मापाचा अर्धा उपयोग गेला.

४. पितळच का

लोखंडावर गारगोटी घासली की ठिणगी पडते, कारण लोखंडाचे अतिबारीक कण खरवडले जाऊन तापतात आणि हवेत चक्क जळतात. चकमकीच्या बंदुकीचं सगळं यंत्र याच गोष्टीवर चालतं. मग त्याच लोखंडाचं माप करून ते दारूत बुडवणं, लोखंडी नळीवर आपटणं हा वेडेपणा झाला. पितळ मऊ असतं. त्याचे कण इतके तापत नाहीत आणि असे पेटत नाहीत. दारूखान्यांत तांब्या-पितळेची हत्यारं आणि लाकडी पिंपं वापरत ती यासाठीच.

मग लाकूड, बांबू, शिंगाचं टोक का चालू नये? चालतं की. जगभर लोकांनी शिंगाची, हाडाची, बांबूच्या पेराची मापं वापरली आहेत. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. यवतमाळचा मे आणि यवतमाळचा ऑगस्ट यांत केवढा फरक असतो ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. शिंगाला कीड लागते. तांबं फार मऊ, कड पटकन दबते. पितळ या सगळ्यांच्या मधलं आहे. कड धरून ठेवतं, गंजून फुगत नाही, कानशीने सहज कापलं जातं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पत्र्याच्या कामाला साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त हे प्रमाण चांगलं. जस्त वाढवलं तर रंग फिकट होतो आणि धातू थंड असताना घडवायला कडक जातो. ओतकामात एक पेच आहे. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळायलाच लागतं. त्यामुळे वितळलेल्या पितळेतून जस्त उडत राहतं आणि मुशीवर दाट पांढरा धूर दिसतो. हा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जुने ओतारी म्हणूनच जस्त शेवटी घालत, आणि शहाणा ओतारी वारा येतो त्या बाजूला उभा राहतो.

पितळेचा एक छुपा शत्रूही आहे, आणि त्याची गोष्ट हिंदुस्थानातलीच आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या असं लक्षात आलं, की पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा जातात. कोणी हात न लावता! कारण पक्कं कळायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि ठोकून-ओढून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, ही तीन एकत्र आली की पितळ तडकतं. यावर उपाय म्हणजे घडवून झाल्यावर धातूला पुन्हा ताव देऊन तो ताण काढणं. भरमारीचं माप गोठ्याच्या खुंटीला टांगू नये, ते एवढ्यासाठी.

५. माप घडवताना

पितळेच्या कामाची मोठी ठिकाणं विदर्भाला परकी नाहीत. भंडारा तर पितळनगरी म्हणूनच ओळखलं जातं. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागात ओझा कारागीर मेणाच्या साच्यावर पितळ ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून नक्षी करायची, वरून मातीचा लेप द्यायचा, भाजताना मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी पितळ शिरतं. या आदिलाबादी डोकरा कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्रा ठोकून त्यावर एकसारखे ठोके उमटवण्याचं मठारकाम चालतं. ते दिसायला सुरेख, शिवाय ठोकल्याने धातू कडकही होतो.

दारूच्या मापाला मात्र बाहेरच्या नक्षीने काही फरक पडत नाही. कारागिरीची परीक्षा आतल्या पोकळीत होते. ओतीव मापाचं आतलं अंग खरखरीत राहतं, त्यात दारू अडकते. म्हणून ओतलेलं माप आतून खरादावर साफ करावं लागतं. त्यापेक्षा पितळी नळीचा तुकडा घेऊन तळ बसवणं सोपं, आणि हाताने काम करणारे बहुधा तेच करतात.

ते असं. ठरलेल्या खोलीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर जास्त लांबीचा नळीचा तुकडा कापायचा. खालची कड सपाट पाट्यावर पॉलिश पेपर ठेवून घासायची, नळी उभी केली की डुलता कामा नये. जाड पत्र्याची गोल चकती कापून तिच्यावर नळी उभी करायची. सांध्याला टाकणखार लावायचा. तापवलं की टाकणखार वितळून धातूवर काचेसारखा पसरतो, हवा अडवतो आणि डाक, म्हणजे सांधणारा धातू, सांध्यात ओढली जाते. चांगला कारागीर डाकेचा तुकडा नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवतो. उष्णता आतून नीट पोचली तर डाक सांध्यातून आत डोकावते आणि तिथेच थांबते. जास्त झाली तर आत गोळा होतो. तो गोळा म्हणजे कायमची चूक, कारण त्याच्या कोपऱ्यात दर वेळी चिमूटभर दारू अडकून राहते. आधीचा बार थोडा कमी, नंतरचा थोडा जास्त.

डाक झाल्यावर काळं पडलेलं पितळ चिंचेच्या पाण्यात टाकलं की उजळतं, घरातली भांडी उजळतात तसंच. मग बाजूला कडी लावायची, दोरीसाठी. काही मापांना लांब दांडी असते, ती डाव्या हाताने धरायला बरी पडते. कल्हई लागत नाही, त्यात काही शिजवायचं नाही.

आता खरं काम. माप मुद्दाम उंच ठेवलं आहे, ते हव्या खोलीपर्यंत उतरवायचं. पाण्याने तपासण्याचा मोह होतो, पण अरुंद तोंडावर पाणी फुगून उभं राहतं आणि फसवतं. काठोकाठ म्हणता म्हणता चार-पाच थेंब जास्त बसतात. त्यापेक्षा खसखस घ्यावी. दाणा बारीक, एकसारखा. औषधाच्या सिरिंजची पुढची बाजू कापून तिच्यात खसखस ३ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत घ्यायची, ती मापात ओतायची आणि वर किती रिकामं राहिलं ते बघायचं. तेवढी कड कानशीने उतरवायची. पुन्हा भरायचं, पुन्हा बघायचं. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीने नाही, पॉलिश पेपरवरच. घाई करून जास्त उतरवलं तर धातू परत लावता येत नाही, माप कायमचं लहान झालं.

तोंडाची कड शेवटी दोन्हीकडून बघावी. आतली बाजू किंचित मोडावी, म्हणजे दारू अडखळत नाही. वरची बाजू मात्र सपाट आणि टोकदारच राहू द्यावी, कारण तिच्यावरून पट्टी फिरवून माप छाटायचं असतं. कड गोल केली की पट्टी कुठे टेकते ते कळत नाही. घासून चकचकीत केलेली गोल कड विकायला छान दिसते, पण वापरणाऱ्याला ती नडते. मापं विकणारे हे सांगत नाहीत.

शेवटी खूण. बाहेरून आकडा कोरावा, आणि तो ज्या दाण्याच्या दारूने तपासला ते डोक्यात ठेवावं. जाड दाण्याच्या आणि बारीक दाण्याच्या दारूने एकाच मापाचं वजन वेगळं भरतं.

६. सरकतं माप

एका मापात एकच प्रमाण. वेगवेगळी प्रमाणं हवी असतील तर चार मापं बाळगायची किंवा सरकतं माप करायचं. त्यात नळीला तळ नसतो. खालून एक दांडा आत सरकतो, दांड्यावर रेघा कोरलेल्या, आणि हव्या रेघेवर आणून पेचाने घट्ट करायचा. दांडा वर ढकलला की पोकळी कमी होते. काही मापांना वरती फिरणारं नरसाळं असतं. ते फिरवलं की त्याची कड जास्तीची दारू छाटून टाकते, आणि तेच नळीत ओतायला उपयोगी पडतं.

कल्पना चतुर, पण मला साधं माप बरं वाटतं. पेच ढिला झाला की दांडा सरकतो, आणि अंधारात ते कळत नाही. बांधलेला तळ सरकत नाही.

७. फौजेचा हिशेब

एका माणसाचं एक माप ठीक. हजार माणसांना एकसारखं भरायला लावायचं तर काय? सतराव्या शतकात युरोपातले बंदूकधारी शिपाई छातीवरच्या पट्ट्याला लाकडी डब्या लटकवत. प्रत्येक डबीत एका बाराची मोजलेली दारू. पुढे कागदाची पुडी आली, तिच्यातच दारू आणि गोळी. १८५७ च्या असंतोषात गाजलेलं एनफिल्ड बंदुकीचं काडतूस हे असंच. चरबीच्या संशयामुळे ते इतिहासात गेलं, पण कामापुरतं बघितलं तर ते दाताने फाडायचं माप होतं. आत अडीच ड्राम, म्हणजे ६८ ग्रेन दारू. आपल्या हिशेबात साडेचार मासे.

मराठी फौजांत दोन्ही चाली होत्या. कवायती पलटणींकडे काडतुसं आणि तोसदान, म्हणजे काडतुसांची पिशवी, बाकीच्यांकडे शिंग आणि माप. दोन्ही तऱ्हांच्या बंदुका यवतमाळच्या मातीने पाहिल्या आहेत. दुसरा बाजीराव पुण्याहून निघून नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना गाठायला पूर्वेकडे सरकत होता, तेव्हा १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ सिवनी इथे कर्नल ॲडम्सने त्याला गाठलं आणि त्याचा पराभव केला. पेशवाईच्या शेवटच्या लढायांपैकी ही एक. 

दारू सांभाळणं हा मोजण्याइतकाच मोठा विषय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, इ.स. १७१५ च्या सुमाराला, किल्ल्यावरचा दारूखाना घरांजवळ नसावा असं बजावलं आहे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू आणि बाण बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा शिक्का करून ठेवावं, असाही दंडक आहे. ओलावा लागला की दाणे एकमेकांना चिकटतात, मापात पोकळ्या राहतात आणि माप खोटं पडतं. पेटण्याचं तर पुढेच.

८. मापाला जे कळत नाही

माप एका बाराची दारू मोजतं, किती बार भरले ते मोजत नाही. १८६३ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून सुमारे सत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या. त्यातल्या बहुतेक भरलेल्याच होत्या, आणि हजारो बंदुकांमध्ये एकावर एक असे दोन किंवा जास्त बार ठासलेले निघाले. गोंगाटात आधीचा बार उडालाच नाही हे शिपायांना कळलं नव्हतं. गजावर दोन खुणा करणं हा यावरचा जुना उपाय. रिकाम्या नळीत गज कुठवर बुडतो त्याची एक, आणि एक बार भरल्यावर कुठवर बुडतो त्याची दुसरी.

दुसरी गोष्ट दारूच्या जातीची. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. आजच्या काडतुसांत तीच असते. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस आहे. काळ्या दारूच्या मापाने ती मोजून भरमारीत घातली तर नळी फुटणार, यात जर-तर नाही. काडतूस फोडून त्यातली दारू भरमारीत वापरण्याची युक्ती कोणी सुचवली तर त्या माणसापासून लांब राहावं.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३(३) मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो की रोही, वन विभागाच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. दारू बाळगण्याचे नियम स्फोटकांच्या कायद्यात येतात, आणि ते बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

९. घरात जुनं माप सापडलं तर

अनेक परवाने रद्द झाले, बंदुका जमा झाल्या, गडचिरोलीकडे तर गावकऱ्यांनी भरमारी पोलिसांच्या स्वाधीन केल्या. मापं आणि शिंगं मात्र माळ्यावर, पेटीच्या तळाशी पडून आहेत. भंगारवाला ती पितळेच्या किलोच्या भावाने घेतो. पन्नास ग्रॅमच्या मापाचे किती पैसे येणार?

तसं माप सापडलं तर आतून राखेने किंवा रांगोळीने घासू नका, आतलं अंग झिजलं की त्याचा आकडा गेला. बाहेरून फडक्याने पुसा. कोरलेला आकडा, खूण, नाव असेल तर लिहून घ्या. खसखशीने भरून किती मिलिलिटर मावतं तेही लिहा आणि कोणत्या गावचं, कोणाच्या घरातलं ते सोबत ठेवा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा नागपूरच्या अजब बंगल्याला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाला, अशी नोंद नुसत्या पितळेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सोबत शिंग किंवा दारूची डबी सापडली आणि हलवल्यावर आत काही खुळखुळलं, तर मात्र ती उघडू नका, उन्हात ठेवू नका आणि ‘अजून पेटते का’ हे बघू नका. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. डबी आहे तिथेच ठेवा, पोरांना लांब करा आणि पोलीस ठाण्यात कळवा.